ससून घराणं, मुंबईतल्या ज्यू दफनभूम्या आणि पणजोबांची कबर: कागद नेमके कुठे शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंच्या आजीचे वडील बेने इस्राएल (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), राहायला भायखळ्याला, जेकब ससून मिलमध्ये क्लार्क होते आणि साधारण 1930 च्या आसपास वारले. घरात सगळे सांगतात की "ससूनच्या दफनभूमीत पुरलंय". ताई चिंचपोकळीला जाऊन आल्या, नाव सापडलं नाही. आता त्यांना विचारायचंय की ससून घराण्याची (बगदादहून मुंबईत आलेलं ज्यू व्यापारी घराणं) जुनी कागदपत्रं कुठे आहेत, त्यात नोकरांच्या दफनाच्या नोंदी असतील का, आणि पुण्याच्या लाल देवळात (तिथल्या सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) घराण्याच्या मूळपुरुषाची, डेव्हिड ससूनची कबर आहे तर तिथे काही रजिस्टर मिळेल का.

ताई, मी बरीच वर्षं दफनभूम्या आणि त्यांचे जुने कागद हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणारे खूप जण असतात आणि बहुतेक जण पहिल्याच वळणावर चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात.

सगळ्यात आधी, तुमचे पणजोबा चिंचपोकळीत नसण्याचीच शक्यता जास्त आहे. चिंचपोकळी स्टेशनजवळची ती जागा एलायस डेव्हिड ससूनने 1878 मध्ये ज्यू समाजाला दिली, शांघायला वारलेल्या जोसेफ नावाच्या आपल्या मुलाच्या आठवणीखातर. म्हणून लोक तिला ससूनची दफनभूमी म्हणतात ते बरोबरच आहे, पण ती प्रामुख्याने बगदादी ज्यूंची, म्हणजे ससून ज्या समाजातून आले त्यांची. बेने इस्राएल मंडळींची मोठी दफनभूमी महालक्ष्मी-वरळी बाजूला, डॉ. ई. मोझेस रोडवर. (हे मोझेस म्हणजे डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर, 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, स्वतः बेने इस्राएल.) दोन्ही समाज ज्यूच, शब्बाथ एकच, पण मेल्यावरची जागा वेगळी, आणि हा वेगळेपणा कागदावर फार जुना आहे. 1836 मध्येच बगदादी समाजातल्या काही मंडळींनी मुंबई सरकारकडे अर्ज केला होता की ज्यू दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींच्या मधे भिंत घालून द्या. चिंचपोकळीची जागा मिळायच्या चाळीसेक वर्षं आधीची ही गोष्ट, डेव्हिड ससूनला मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती.

हा अर्ज मी मुद्दाम सांगतोय. वाचताना वाईट वाटतं, खरंय, कोकणात शेकडो वर्षं शनिवार पाळून तेल गाळणाऱ्या लोकांना नव्याने आलेल्यांनी "हे आपल्यातले नाहीत" म्हणायचं हे बोचतं. पण कामाच्या दृष्टीने बघा, त्या काळातल्या साध्या बेने इस्राएल माणसाच्या कबरीबद्दल सरकारी कागदात एक ओळही सापडत नाही, आणि दफनभूमीबद्दल वाद झाला, अर्ज झाला, की लगेच फाइल तयार होते. माझा अनुभव असा की जुन्या दफनभूमीचा कागद तीनच कारणांनी टिकतो, जमीन कुणी दिली म्हणून, भांडण झालं म्हणून, किंवा सरकारला ती बंद करायची किंवा हलवायची होती म्हणून. कोण पुरला गेला याची वही मात्र टिकेलच असं नाही, ती एखाद्या कपाटात वाळवी लागून संपते. त्यामुळे मी सगळ्यांना हेच सांगतो की आधी जमिनीचा कागद धरा, माणसाचं नाव नंतर. ससून घराण्याचा तुम्हाला उपयोग आहे तो इथे. त्यांच्या हिशेबाच्या वहीत तुमच्या पणजोबांचं दफन नसणार, पण जमिनी आणि ट्रस्ट यांचे कागद त्यांच्या नावामुळे जपले गेलेत, आणि त्या कागदांवरून कुठली जागा कुणाकडे होती, रजिस्टर कुणाच्या ताब्यात असायला हवं हे कळतं.

आता कागद कुठे. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे, 1821 पासूनचं. तिथे गेल्यावर "ज्यू दफनभूमी" असं सांगून काही मिळत नाही, तिथली रचना खात्यांप्रमाणे आहे, जनरल डिपार्टमेंट, ज्युडिशियल, रेव्हेन्यू, पब्लिक वर्क्स अशी, आणि प्रत्येक वर्षाच्या जाडजूड व्हॉल्यूमच्या मागे पुढे हाताने लिहिलेली अनुक्रमणिका. इक्लेझिअ‍ॅस्टिकल नावाचं एक खातं आहे, ते बघून लोक हुरळतात, पण त्यात मुख्यतः ख्रिश्चन चर्च, पाद्री आणि त्यांच्या दफनभूम्या यांचा कारभार. ज्यूंचा पत्रव्यवहार बहुतेक वेळा जनरलमध्ये किंवा रेव्हेन्यूमध्ये असतो. अनुक्रमणिकेत ज्यू, इस्राएलाइट, बरियल ग्राउंड, सिमेट्री, आणि देणाऱ्या माणसाचं नाव अशा सगळ्या अक्षरांखाली बघायचं, कारण कारकुनाने त्या दिवशी कुठलं अक्षर निवडलं हे आपल्याला कळणार नाही.

इथेच अजून एक गैरसमज दूर करतो, कारण नेटवर सगळे तेच सुचवतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (ब्रिटिश काळात भारताचा कारभार बघणारं लंडनचं खातं) दफनाच्या नोंदी आहेत, मुंबई इलाख्याची मालिका एन-3 म्हणून ओळखतात, त्यातलं बरंच ऑनलाइन पैसे भरून बघता येतं. त्या चर्चने पाठवलेल्या नोंदी आहेत, बाप्तिस्मा, लग्न, दफन. शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत तुमचा कुणी असता, व्हिक्टोरिया टर्मिनसचा आर्किटेक्ट स्टीव्हन्स आहे तसा, तर तिथे बघायला मी स्वतः सांगितलं असतं. ज्यू माणसासाठी तिथे पैसे भरू नका.

जमिनीसाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, सीटीएस नंबर (त्या जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक) नकाशावरून मिळतो. त्यात धारकाच्या रकान्यात ट्रस्टचं किंवा जुन्या विश्वस्तांचं नाव असतं, आणि फेरफाराच्या नोंदींत किती साली कुणाच्या जागी कोण आला ते. मग ते नाव घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे जायचं. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली प्रत्येक ट्रस्टचं शेड्यूल वन असतं, त्यात ट्रस्टची स्थावर मालमत्ता, दस्त कुठला, विश्वस्त कोण हे सगळं एका पानावर येतं, आणि त्याची नक्कल अर्ज करून मिळते. हे एक पान मला शंभर तोंडी माहितीपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण इथून तुम्हाला कळतं की आज दार कुणाचं ठोठवायचंय. ससूनांच्या सिनॅगॉगचा कारभार जेकब ससूनच्या नावाच्या ट्रस्टांकडे आहे, बेने इस्राएलांच्या दफनभूमीचा कारभार त्यांच्याकडे असेल असं गृहीत धरू नका, शेड्यूल बघा. मुंबईच्या जुन्या नकाशांत लॉटनचा 1865 ते 1872 चा सर्व्हे अप्रतिम आहे, घर न् घर दाखवलेलं, त्या काळी दफनभूम्या कुठे होत्या आणि आज त्यावर काय उभं आहे हे त्यावरून लागतं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, ससून घराण्याचे कागद. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर महिनोन् महिने चुकीच्या पेटीत शोधत बसाल. डेव्हिड ससून 1792 चा, बगदादचा, त्याचे वडील तिथल्या पाशाचे खजिनदार. दाऊद पाशाच्या जाचामुळे बगदाद सुटलं, बुशहरमार्गे तो 1832 च्या सुमारास मुंबईत आला, अफू-कापूस-सूत यांचा व्यापार चीनपर्यंत नेला, आणि नोव्हेंबर 1864 मध्ये पुण्यात वारला. त्याला आठ मुलगे. थोरला अब्दुल्ला, जो पुढे अल्बर्ट झाला, ससून डॉक बांधणारा, सर झाला, इंग्लंडला गेला. दुसरा एलायस. बाप गेल्यावर तीनेक वर्षांत, 1867 मध्ये, एलायसने वेगळा होऊन ई. डी. ससून कंपनी काढली. म्हणजे तिथून पुढे दोन ससून कंपन्या, एकमेकांच्या स्पर्धक. तुमच्या पणजोबांची जेकब ससून मिल ही ई. डी. कडची, जेकब हा एलायसचा मुलगा. आणि जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ससूनांच्या व्यापारी पत्रांचा जो मोठा संग्रह आहे तो प्रामुख्याने डेव्हिड ससून कंपनीचा, म्हणजे दुसऱ्या पातीचा. त्यातली पुष्कळ पत्रं बगदादी ज्यूंच्या अरबीत, हिब्रू लिपीत, तीही भराभर, गिचमिड हातात लिहिलेली. घराण्याच्या इतिहासासाठी तो संग्रह सोनं आहे, 1930 च्या मिलमधल्या क्लार्कसाठी तिथे जाऊ नका.

मिलच्या कागदांचं म्हणाल तर ई. डी. ससूनच्या गिरण्या 1943 मध्ये विकल्या गेल्या, त्यांच्या इंडिया युनायटेड मिल्स झाल्या, जेकब ससून ती एक नंबर, नंतर राष्ट्रीयीकरणात एनटीसीकडे, म्हणजे सरकारी नॅशनल टेक्सटाइल कॉर्पोरेशनकडे. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदाच 1952 चा, त्यामुळे 1930 ला वारलेल्या माणसाचा पीएफ रेकॉर्ड नसणार. मिलच्या हजेरीपटासाठी फार जीव लावू नका. जे मिळण्यासारखं आहे ते शाळेत आणि म्युनिसिपालिटीत.

शाळेचं जनरल रजिस्टर हा आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित कागद आहे, जात-दाखल्यासाठी लोक धावतात तेवढंच. बेने इस्राएलांची शाळा हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 मध्ये सुरू केली, तीच पुढे सर एली कदुरी शाळा, माझगावला. तुमच्या आजी किंवा त्यांची भावंडं तिथे शिकली असतील तर जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं पूर्ण नाव, जन्मगाव, राहण्याचा पत्ता मिळू शकतो, आणि एखाद्या मुलाच्या नावापुढे पालक म्हणून अचानक काका किंवा आई दिसायला लागली की वडील त्या दोन तारखांच्या मधे गेले हे उघड होतं. मी असंच एका घरातल्या तीन भावंडांच्या नोंदी शेजारी ठेवून मृत्यूचं वर्ष काढलं होतं, थोरल्याच्या प्रवेशाच्या वेळी वडिलांची सही, धाकट्याच्या वेळी त्याच पत्त्यावर आईचा अंगठा, आणि मधे जेमतेम दोन वर्षांचं अंतर. तेवढं मिळालं की म्युनिसिपालिटीत शोध अर्ज करायला वर्षांची रेंज मिळते. भायखळा ई वॉर्डात येतं, अर्ज वॉर्डच्या आरोग्य खात्याकडे, आणि अर्जात वर्षांची रेंज जितकी अरुंद द्याल तितकं काम होतं, "1925 ते 1935" लिहिलंत तर अर्ज पडून राहील. मृत्यू ज्या वॉर्डात झाला तिथे नोंद असते, राहत्या वॉर्डात नाही, म्हणून हॉस्पिटलमध्ये वारले असतील तर तो वॉर्ड बघा. काही जुन्या नोंदींत दफन कुठे झालं तेही लिहिलेलं असतं, म्हणून नुसता दाखला नको, रजिस्टरच्या पानाची नक्कल मागा, दाखल्यावर सगळे रकाने उतरत नाहीत.

नावांबद्दल सांगायलाच हवं. ससूनांची पद्धत आपल्यासारखीच, स्वतःचं नाव, बापाचं नाव, घराण्याचं. एलायस डेव्हिड ससून म्हणजे डेव्हिडचा एलायस, जेकब एलायस ससून म्हणजे एलायसचा जेकब. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे तीच चार-पाच नावं फिरून फिरून येतात, आणि ससून हे व्यक्तीचं नावही असू शकतं, ससून डेव्हिड ससून नावाचा मुलगा होताच, इंग्रज कवी सिगफ्रीड ससूनचा आजोबा तो. शिवाय इंग्लंडला गेल्यावर अब्दुल्लाचा अल्बर्ट, अब्राहम शालोमचा आर्थर, फरहाची फ्लोरा. कबरीवर हिब्रूत एक नाव, वर्तमानपत्रात दुसरं, कोर्टाच्या कागदात तिसरं.

बेने इस्राएलांमध्ये हे अजून गंमतीचं, तुमच्या कामाचं. मस्जिद बंदरजवळचं 1796 चं शार हारहामिम सिनॅगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, जुन्या मराठी कागदात ते समाजी हसाजी दिवेकर. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी. त्यामुळे पणजोबांचं नाव घरी तुम्ही जे ऐकलंय त्याच्या सगळ्या रूपांची एक यादी आधी कागदावर करा, आडनाव गावावरचं "-कर" लावलेलं आणि न लावलेलं दोन्ही, कारण कितीतरी जण ऑफिसात आडनाव लावत नसत, वडिलांचंच नाव शेवटी घेत. आणि नोंदीत "जुनी मशीद", "नवी मशीद" असं आलं तर बुचकळ्यात पडू नका, बेने इस्राएल सिनॅगॉगला मशीदच म्हणत आलेत, जुनी म्हणजे हेच शार हारहामिम, नवी म्हणजे शारे रासोन. तुमचं घर कुठल्या मशिदीचं सभासद होतं ते कळलं तर सभासदांच्या आणि वर्गणीच्या वह्या तिथे, आणि वर्गणी थांबली ते सालही तिथेच.

आता प्रत्यक्ष दफनभूमीत. ई. मोझेस रोडला जायच्या आधी तिथल्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या, फोटोसाठी वेगळं विचारा. पुरुषांनी डोकं झाकायचं, निघताना हात धुवायचे. पाणी, मऊ ब्रश आणि आरसा एवढंच न्या. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण, खडू, पीठ यातलं काहीही दगडाला लावू नका. लोक अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू चोळतात, तो मुंबईच्या दमट हवेत दगडाच्या छिद्रांत बसतो आणि पुढच्या माणसाला काहीच वाचता येत नाही, मला हे बघून खरंच त्रास होतो. अक्षर पुसट असेल तर सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना, किंवा दुपारी आरशाने कवडसा दगडावर एका कुशीने टाका, खोदकामाची सावली पडते आणि जे समोरून कोरं दिसतं ते वाचता येतं.

संगमरवरी पाट्यांवर कधी कधी अक्षरं शिशाची बसवलेली असतात. ती गळून पडतात, काही चोरीला जातात, आणि मग पाटी कोरी वाटते. पण शिसं पकडून राहावं म्हणून कारागिराने प्रत्येक अक्षराच्या खोबणीत बारीक भोकं पाडलेली असतात. ती भोकं कागदावर टिपून रेघांनी जोडली की अक्षर तयार होतं. एका पाटीवर फक्त भोकंच उरली होती, आम्ही दोघं जण अर्धा दिवस ट्रेसिंग पेपर लावून बसलो आणि शेवटी आडनावाचं "कर" लागलं, तिथून मागे मागे जात पूर्ण नाव.

बेने इस्राएलांच्या कबरींवर मराठी, हिब्रू, इंग्रजी असं तीन भाषांत असतं, म्हणून नाव तुम्हाला स्वतःला वाचता येईल. पण मराठी भाग झिजला असेल तर हिब्रू साल तरी काढायला शिका, अवघड नाही. हिब्रूत अक्षरांनाच आकडे असतात आणि सालातले हजार बहुतेक वेळा लिहीत नाहीत. ताव 400, रेश 200, त्सादी 90, तर ताव-रेश-त्सादी म्हणजे 690, त्यात 1240 मिळवा, 1930. एवढंच. फक्त त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून मृत्यू नवीन वर्षानंतर पण डिसेंबर संपायच्या आत झाला असेल तर एक वजा करायचा. डेव्हिड ससूनचंच बघा, नोव्हेंबर 1864 म्हणजे हिब्रू साल 625, ताव-रेश-काफ-हे, 400-200-20-5. त्यात 1240 मिळवलेत तर 1865 येतं, पण महिना नोव्हेंबर म्हणून एक वजा, 1864. दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे रात्री वारलेल्या माणसाची हिब्रू तारीख आणि पेपरातली तारीख यात एका दिवसाचा फरक येतो, तो फरक चूक म्हणून दुरुस्त करू नका, दोन्ही लिहून ठेवा. आणि हे (5) व हेत (8) ही अक्षरं झिजलेल्या दगडात एकसारखी दिसतात, तसंच दालेत (4) आणि रेश (200). ऑनलाइन याद्यांमध्ये तीन वर्षांची तफावत दिसली की मी आधी हे-हेतचाच संशय घेतो. म्हणून यादीवर विश्वास ठेवण्याआधी दगडाचा फोटो बघा.

ऑनलाइन म्हणाल तर ज्यूइशजेनचा जगभरच्या ज्यू कबरींचा डेटाबेस आहे, तिथे वरच्या सगळ्या नावांच्या रूपांनी शोधा. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएल मंडळींकडे पण विचारा, त्यांच्यातले जुने लोक अजून उत्तम मराठी बोलतात-वाचतात, "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिक तिथे 1980 च्या दशकापासून चालवलं गेलंय. कितीतरी घरांनी अल्या करताना, म्हणजे इस्राएलला कायमचं राहायला जाताना, निघण्याआधी आईवडिलांच्या कबरीचे फोटो काढून नेले, ते आज तिकडच्या अल्बममध्ये आहेत आणि इकडचा दगड मोडलाय. तुमच्या आजीच्या भावंडांपैकी कुणी तिकडे गेलं असेल तर पहिला फोन तिथे करा.

पुण्याचं विचारलंत. कॅम्पात मोलेदिना रोडवरचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनॅगॉग, 1863 ला काम सुरू होऊन 1867 ला पुरं झालं, कर्नल विल्किन्सचं डिझाइन, आणि डेव्हिड ससूनची कबर तिथे आवारात वेगळ्या समाधी-इमारतीत आहे. त्याने बांधायला घेतलं आणि पूर्ण बघायला तो राहिला नाही. ती एका माणसाची समाधी, सार्वजनिक दफनभूमी नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला हवं तसं दफनाचं रजिस्टर शोधायला जाऊ नका. पण घराण्याचा अभ्यास करणाऱ्यांना सांगतो की कॅम्पातल्या कुठल्याही धार्मिक जागेचा जमिनीचा कागद सिटी सर्व्हेत मिळत नाही, तो लष्करी जमिनींच्या जीएलआरमध्ये, म्हणजे जनरल लँड रजिस्टरमध्ये असतो, डिफेन्स इस्टेट आणि कॅन्टोन्मेंट यांच्याकडे. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरच्या तिसऱ्या भागात कॅम्पातल्या त्या काळच्या वास्तू वर्णन केल्यात, तोही बघण्यासारखा. ससून हॉस्पिटल आणि सिनॅगॉग एकाच माणसाच्या देणगीतून, एकाच काळात, एकाच आर्किटेक्टकडून झाल्यामुळे हॉस्पिटलच्या सरकारी फाइलींत देणगीदाराच्या मृत्यूनंतर वारसांशी झालेला पत्रव्यवहार शोधण्यासारखा असतो, घराण्याचे आपसातले संबंध अशा कोरड्या पत्रांतूनच कळतात.

कोकणाबद्दल थोडं, कारण तुमचं आडनाव "-कर" असणार आणि मुंबईत काहीच नाही मिळालं तर तुम्हाला गावाकडे जावं लागेल. अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएलांची सगळ्यात जुनी मानली जाणारी दफनभूमी आहे, जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरा तिथलीच. जुन्या कबरी म्हणजे मातीचे उंचवटे, लेख नाही. अशा जागांसाठी सातबारा काढा. दफनभूमी बहुतेक वेळा पोटखराबा वर्ग ब मध्ये किंवा इतर हक्कात दिसते, आणि ती तशी दिसत नसेल तर लगेच तलाठ्याकडून जुने फेरफार मागा, कारण नोंद निघून गेलेली जागा पुढे प्लॉटिंगमध्ये जाते. अलिबाग, मुरुड पट्ट्यात हे आत्ता डोळ्यांदेखत चाललंय. जुने फेरफार मोडीत असतात, मोडी वाचणारा माणूस सोबत घ्या. केहीमकरांनी 1897 मध्ये लिहून ठेवलेला बेने इस्राएलांचा इतिहास तेल अवीवला 1937 मध्ये छापला गेला, गावं आणि आडनावं जुळवायला तो फार उपयोगी पडतो.

चिंचपोकळीलाही तुम्ही परत जावं असं मला मनापासून वाटतं, पणजोबांसाठी नाही, तिथल्या दगडांसाठी. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून जीव वाचवून मुंबईत आलेल्या ज्यूंच्या कबरी तिथे आहेत, ज्यांच्या मागे रडायला इथे कुणीही नव्हतं. आणि ज्या जोसेफच्या आठवणीत ती जागा दिली तो शांघायला गेला, शांघायच्या ज्यू दफनभूम्या 1950 च्या दशकात हलवल्या गेल्या आणि पुढे नष्ट झाल्या, त्यामुळे तो तिथे वारला याची दगडावरची खूण शोधायची तर मुंबईतच शोधावी लागते. मोठ्या घराण्याची कबर कुणीतरी कधीतरी छापतंच. शेजारच्या रांगेतला क्लार्क, नर्स, शाळामास्तर यांचा एकच कागद असतो, तो दगड. म्हणून तुम्ही कुठल्याही दफनभूमीत गेलात की फक्त आपल्या माणसाचा फोटो काढून येऊ नका, त्या रांगेतले डावीकडचे-उजवीकडचे दहा-दहा काढा, एक लांबून रांगेचा, एक जवळून लेखाचा, आणि फाइलच्या नावात रांग आणि क्रम टाका. दफनं बहुतेक वेळा ज्या क्रमाने माणसं गेली त्याच क्रमाने होतात, त्यामुळे डावीकडे 1929 आणि उजवीकडे 1931 वाचता आलं की मधल्या कोऱ्या दगडाचं साल जवळपास लागतं, आणि ते साल घेऊन परत ई वॉर्डच्या रजिस्टरकडे जाता येतं. तुमच्या पणजोबांचा दगड असाच कोरा असण्याची शक्यता मी धरून चाललोय.

तुम्ही आधी शाळेचं जनरल रजिस्टर आणि मशिदीच्या वर्गणीची वही बघा, मग वॉर्ड, मग ई. मोझेस रोड, शेवटी पुराभिलेखागार. दफनभूमी आणि सिनॅगॉगला रविवार ते गुरुवार जा, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी नको, आणि तिश्री महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सण ओळीने असतात तेव्हा आधी फोन करूनच निघा. नावांच्या रूपांची यादी तयार झाली की इथे टाका, हिब्रूत ती कशी लिहिली गेली असतील ते मी अक्षरानिशी सांगतो.